अवटुग्रंथीचे मांद्य आणि आपली कुटुंबे

(ज्ञातीच्या उमरोळी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आरोग्यविषयक चार शब्द आम्ही बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. उभा जन्म मुलांकडून पाढे आणि बाराखडी घोटून घेण्यात गेला. आपल्या ज्ञातीत आज डॉक्टर झालेली मुले आहेत, मुली आहेत. हा विषय खरे पाहता त्यांचा. परंतु आमचे चिटणीस म्हणाले, "गुरुजी, रोगाविषयी डॉक्टर बोलतील, तुम्ही घराविषयी बोला." ह्यापुढे आमचा इलाज चालला नाही. शिवाय ह्या विषयात एक चूक आमच्या हातून घडली आहे, व ती चारचौघांत बोलून दाखविल्यावाचून आम्हांस स्वस्थता वाटणार नाही, हेही एक कारण होतेच.

प्रथम आमच्या घरची हकीकत सांगतो. आमच्या सौभाग्यवती पहाटे पाचास उठून अंगण, पाणी, स्वयंपाक आटोपून पुन्हा वाडीत जाणाऱ्या बाई. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांचे चलनवलन हळूहळू मंद होऊ लागले. सकाळी अंथरुणातून उठवेना. दुपारी वाती वळता वळता डोळा लागे. वैशाखात आम्ही उकाड्याने हैराण व्हावे आणि त्यांनी खांद्यावर शाल ओढून बसावे! आवाज घोगरा झाला, केस कंगव्याला येऊ लागले, टाचा भेगाळल्या, शौचास साफ होईना. खाणे निम्म्यावर आले असता वजन मात्र वाढत गेले. बोलता बोलता शब्द आठवेनासा होई. आम्ही काय केले? सुमारे दोन वर्षे आम्ही त्यास 'आळस' हे नाव दिले. वर्गात चाळीस मुलांची सुस्ती छडीने घालविणाऱ्या माणसास घरातील सुस्तीचे दुसरे कारण सुचेना. त्या बिचाऱ्या स्वतःसही दोष देत. "मेलं, अंगात राम राहिला नाही," असे म्हणत आणि पुन्हा उठत. एका ठिकाणी रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्या ठिकाणी "वयच झाले" असे ऐकावयास मिळाले. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांची नाडी पाहिली, हाताची कातडी पाहिली, आवाज ऐकला आणि रक्त तपासावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी कागद आला. ज्याला आम्ही दोन वर्षे स्वभाव म्हणत होतो तो रोग होता.

ह्या रोगास शास्त्रीय भाषेत अवटुग्रंथीची अल्पक्रियता म्हणतात. घराघरांत त्याला नुसते 'थायरॉइड' म्हणतात. "तिला थायरॉइड आहे" असे बायका बोलतात. वस्तुतः थायरॉइड प्रत्येकासच आहे, व तो असावयासच हवा! अग्निमांद्य हा शब्द आपणांस ठाऊक आहे. जठराग्नी मंद झाला की अन्न पचत नाही. त्याच चालीवर आम्ही ह्यास अवटुमांद्य म्हणतो. गळ्याशी कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. वजन पुरते दोन तोळेही नाही. अन्नातील आयोडीन घेऊन ती थायरॉक्सिन नावाचा रस तयार करते व रक्तात सोडते. हृदयाने किती वेगाने चालावे, आतड्यांनी किती हालचाल करावी, अंगात ऊब किती राहावी, मुलाची उंची कशी वाढावी, बुद्धीस धार कशी यावी, हे सारे त्या रसाच्या प्रमाणावर अवलंबून असते. तो कमी पडला की घड्याळाची किल्ली उतरावी तसे सबंध शरीर मागे पडू लागते.

तपासणीच्या कागदावर एक आकडा असतो, टी.एस.एच. ह्या अक्षरांपुढे. तो वाढलेला पाहून पुष्कळ जण म्हणतात, "थायरॉइड वाढला." येथे मोठा घोटाळा होतो. टी.एस.एच. हा अवटुग्रंथीचा रस नव्हे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक दुसरी ग्रंथी आहे; ती अवटुग्रंथीला काम करण्याचा हुकूम पाठविते, तो हा टी.एस.एच. वर्ग जितका सुस्त तितका मास्तरांचा आवाज चढा, हे आपण सर्वांनी शाळेत अनुभवले आहे. आकडा मोठा म्हणजे मास्तर ओरडत आहेत, अर्थात वर्ग काम करीत नाही. सामान्यतः हा आकडा सुमारे अर्ध्यापासून चार-साडेचारापर्यंत असतो. उतारवयात थोडा अधिक चालतो. दहाच्या पुढे गेल्यास डॉक्टर बहुधा औषध सुरू करतात. मधल्या पट्टीतील प्रत्येकास गोळी लागतेच असे नाही. तेथे वय, लक्षणे, गरोदरपण, रक्तातील दुसरी प्रमाणे पाहून डॉक्टरांनी ठरवावयाचे असते. कागद हाती घेऊन औषधाच्या दुकानात परस्पर जाणारी मंडळी आमच्या पाहण्यात आहेत, म्हणून हे सांगावे लागते.

हे दुखणे दुर्मिळ आहे असेही नाही. आपल्या देशातील आठ शहरांत पाच हजारांहून अधिक प्रौढ माणसांचे रक्त तपासून २०१३ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे शंभरात अकरा जणांस अवटुमांद्य आढळले. त्यांत मुंबई होती, गोवा होता. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे अधिक. आणि ज्या घरात आईला त्या घरात मुलीला, मावशीला, बहिणीला होण्याचा संभव अधिक.

आता कारणाकडे वळू. कारणाविषयी आपल्या भागात दोन समजुती फार पक्क्या आहेत. पहिली मिठाची. आपण समुद्रकाठची माणसे. जवळा, सुकट, बोंबील ह्यांवर वाढलेली. वसई-भाईंदरची मिठागरे आपल्या परिचयाची. तेव्हा समुद्राच्या मिठात आयोडीन असणारच, पुडीतले महाग मीठ कशास, असा सवाल वयोवृद्ध स्त्रिया करतात. मासळीतून आयोडीन मिळते हे खरे. परंतु उन्हात आटवून काढलेल्या खडेमिठात ते जवळजवळ उरत नाही. ते वरून घालावे लागते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात गलगंडाने माणसांचे गळे सुजलेले असत. तेथे डॉ. रामलिंगस्वामी ह्यांनी १९५६ पासून काही गावांना आयोडीनयुक्त व काही गावांना साधे मीठ देऊन फरक दाखवून दिला, आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास २००६ साली देशभर बंदी झाली. हिशेब सोपा आहे. घरी पोहोचलेल्या मिठाच्या एका ग्रॅमात निदान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. दिवसाकाठी दहा ग्रॅम मीठ पोटात गेले तर १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची नेमकी गरज. मासळी खारविण्यास जाडे मीठ खुशाल वापरावे. आमटीत मात्र पुडीचेच घालावे. तथापि एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आज आपल्या भागातील अवटुमांद्य बहुतांशी आयोडीनच्या अभावाचे नाही, त्यामुळे ते मीठ बदलून जात नाही. शरीराचे स्वतःचे रक्षक स्वतःच्याच ग्रंथीवर उलटतात व तिला हळूहळू पोखरतात, हे त्याचे मुख्य कारण. हाशिमोटो नावाच्या जपानी शस्त्रवैद्याने १९१२ साली चार स्त्रियांच्या ग्रंथी तपासून हा विकार प्रथम वर्णिला, म्हणून त्याचेच नाव रोगास पडले आहे.

दुसरी समजूत तारापूरची. उमरोळीच्या फलाटावर उभे राहिले की पुढचे स्थानक बोईसर, आणि बोईसर म्हटले की तारापूर. अणुवीज केंद्र १९६९ साली चालू झाले तेव्हापासून गळ्यातल्या प्रत्येक गाठीचा बोल त्याला लावण्याची आपल्याकडे रीत आहे. ह्या भीतीत तथ्य कोठे आहे ते प्रथम सांगतो. अणुभट्टीत किरणोत्सर्गी आयोडीन निर्माण होते, व अपघात होऊन ते बाहेर पडले तर माणसाची अवटुग्रंथी ते साध्या आयोडीनप्रमाणेच ओढून घेते. युक्रेनमध्ये चेर्नोबिल येथे १९८६ साली असे घडले. दूषित दूध प्यालेल्या मुलांत पुढे ह्या ग्रंथीचा कर्करोग मोठ्या प्रमाणात आढळला. म्हणूनच अणुकेंद्राच्या आसपास आणीबाणीच्या योजनेत आयोडीनच्या गोळ्यांची तरतूद असते. पण आपल्या घरी जो रोग आहे तो हाशिमोटोने वर्णिला तेव्हा जगात अणुभट्टीच नव्हती. पहिली १९४२ साली झाली. आणि वर सांगितलेल्या आठ शहरांत सर्वांत अधिक प्रमाण निघाले ते कलकत्त्यात, जेथे जवळपास अणुवीज केंद्र नाही. तेव्हा तारापूरकडे बोट दाखवून औषध टाळणे हा आपला आपल्यालाच फसविण्याचा प्रकार होय. उलट ह्याच किरणोत्सर्गी आयोडीनचा उपयोग अतिक्रियाशील ग्रंथीवर व तिच्या कर्करोगावर करतात. परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण-वैद्यक केंद्र १९६३ पासून हे कार्य करीत आहे. त्या उपचारानंतर ग्रंथी मंदावते आणि मग रोग्यास आमच्या सौ.ची गोळीच घ्यावी लागते.

ह्या गोळीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. दीडशे वर्षांपूर्वी अवटुमांद्य जडलेली स्त्री सुजत जाई, बुद्धीने मंद होत जाई व अखेर मरे, उपाय नव्हता. इंग्लंडात न्यूकॅसल येथे मरे नावाच्या तरुण डॉक्टरांनी १८९१ साली मेंढीच्या अवटुग्रंथीचा अर्क काढून एका ४६ वर्षांच्या बाईस टोचला. ती बाई माणसांत आली, आणि पुढे २८ वर्षे जगून वयाच्या ७४ व्या वर्षी वारली. त्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. अमेरिकेत केंडॉल ह्यांनी १९१४ च्या नाताळाच्या दिवशी शुद्ध थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे काढले. हॅरिंग्टन व बार्जर ह्यांनी १९२७ साली तो पदार्थ प्रयोगशाळेत बनविला. आता मेंढ्यांची गरज नाही. चहाच्या एका कपापेक्षा कमी पैशांत एक दिवसाची गोळी मिळते. आम्ही जुन्या सवयीने फळ्यावरचे गणित मांडून पाहिले. १०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घेणाऱ्या माणसास एक ग्रॅम थायरॉक्सिन दहा हजार दिवस, म्हणजे सत्तावीस वर्षांहून अधिक पुरते. चिमूटभर पदार्थावर माणसाचा अर्धा संसार चालतो! आणि ते काही परके रसायन नव्हे. ग्रंथी जे करीत होती तेच आपण बाहेरून पुरवितो. विहीर आटली तर आपण नळाचे पाणी भरतो. त्यास कोणी व्यसन म्हणत नाही. "एकदा गोळी लागली की जन्माची सवय लागते" असे जे म्हणतात, त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

गोळी घेण्याची रीत मात्र काटेकोर पाळावी लागते. सकाळी अनशेपोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहासुद्धा नाही. आपल्याकडे डोळे उघडताच चहा लागतो, तेव्हा हेच सर्वांत कठीण पथ्य! लोहाच्या व चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात. एकत्र घेतल्यास थायरॉक्सिन आतड्यात शोषले जात नाही. बाटली उन्हात वा ओलाव्यात ठेवू नये. मात्रा माणसाच्या वजनावर ठरते. वृद्धांस व हृदयविकाराच्या रोग्यांस अगदी थोड्या मात्रेने आरंभ करतात. मात्रा बदलल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावयाचे. आधी तपासून उपयोग नाही, कारण हे औषध शरीरात सावकाश मुरते आणि सावकाश उतरते. ह्या सावकाशपणातच एक फसवणूक आहे. गोळी सोडली तर दुसऱ्या दिवशी काही होत नाही, आठ दिवसांनीही विशेष जाणवत नाही, मग माणूस म्हणतो, "बघा, गोळीवाचून काही अडत नाही." दोन-तीन महिन्यांनी शाल पुन्हा खांद्यावर येते. काढे, कोबी वर्ज्य करणे, गळ्याचे व्यायाम ह्यांपैकी ज्याला जे करावयाचे त्याने डॉक्टरांना विचारून करावे. पण गोळी बंद करून नव्हे.

दुखणे उपचारावाचून राहिले तर रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते, नाडी मंदावते, हृदयावर भार येतो, रक्त कमी होते, हातांस मुंग्या येतात. मन उदास होते; अशा कित्येक स्त्रियांना घरची माणसे कुरकुरी ठरवून मोकळी होतात. तरुण मुलींस विटाळ अधिक जातो वा अनियमित होतो, गर्भ राहण्यास अडचण पडते. मुलांत उंची थांबते. अशी एक विद्यार्थिनी आमच्या वर्गात होती. शेवटच्या बाकावर पेंगत असे, वर्षानुवर्षे तिचा पोलका तिला लहान होत नसे. आम्ही तिला उभे केल्याचे आठवते. तिच्या आईवडिलांना बोलाविल्याचे आठवत नाही.

आता ज्यासाठी हे भाषण करावयाचे आम्ही मान्य केले त्या गोष्टीकडे येतो. ज्ञातीच्या वधूवर नोंदणीचे काम काही वर्षे आमच्याकडे आहे. एका गृहस्थांनी आपल्या मुलीचा अर्ज भरताना आम्हांस विचारले, "गुरुजी, मुलीला थायरॉइडची गोळी चालू आहे. आजाराच्या रकान्यात लिहू का?" आमच्या घरी तेव्हा तीच गोळी चालू होती. तरी आम्ही म्हणालो, "कशाला नसते विघ्न? कोरे सोडा." मुलगी शिकलेली, स्थळ चांगले मिळाले, विवाह थाटात झाला. आम्ही अक्षता टाकून, जेवून आलो.

सासरी मुलीने गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवली. सकाळी स्वयंपाकघरात सासूबाई आधी उठत. ज्या दिवशी संधी मिळे त्या दिवशी गोळी. तीही चहाबरोबर, घाईघाईने. आठवड्यातून तीन दिवस, कधी दोन. त्यातच दिवस राहिले. गर्भाची स्वतःची ग्रंथी काम करू लागेपर्यंत पहिले तीन महिने त्यास आईच्याच थायरॉक्सिनवर राहावे लागते. त्याच्या मेंदूची घडण त्यावर होते. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावयाचे असते; ते बहुधा मात्रा चौथाई ते तिसऱ्या हिश्श्याने वाढवितात. हिने कोणास सांगावे? तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला. तो गोळी चुकल्यामुळेच गेला असे शपथेवर कोणी सांगू शकणार नाही. अशा घटनांची कारणे पुष्कळ असतात. परंतु टी.एस.एच. अतिशय चढलेला निघाला, हे खरे. डॉक्टरांनी मात्रा वाढविली. आकडा उतरेना म्हणून पुन्हा वाढविली. त्यांस काय ठाऊक की गोळी पोटात न जाता डब्यात आहे! पुढे मुलगी विश्रांतीसाठी माहेरी आली. येथे आईच्या देखत रोज नियमाने गोळी सुरू झाली, तीही वाढविलेल्या मात्रेची. आणि काही आठवड्यांत तिला धडधड होऊ लागली, हात कापू लागले, झोप उडाली. अधिक औषधाचे हे परिणाम. उतारवयात तर त्याने हृदयाची लय बिघडते, हाडे ठिसूळ होतात. डॉक्टरांनी तिला एकांतात विचारले, "सासरी गोळी रोज घेत होतीस काय?" तेव्हा ती रडली.

मात्रा उतरविली गेली. जावयास सांगितले गेले, आणि त्यांनी आईस. त्या बाई काय म्हणाल्या ते आम्हांस मुलीच्या वडिलांकडून कळले. "मला आधी सांगितलं असतं तर मीच रोज उठवून दिली असती." एवढेच. त्या बाईंच्या नावाने आम्ही मनात केवढा बागुलबोवा उभा केला होता! पुढच्या खेपेस सारे उघडपणे झाले, दर महिन्यास तपासणी झाली, आणि गेल्या वर्षी त्या घरी मुलगी जन्मास आली. जन्मानंतर तिच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तिचीही ग्रंथी तपासण्यात आली. ती उत्तम आहे. आपल्या देशात सुमारे हजार-अकराशे बालकांत एकाची ग्रंथी जन्मतःच काम करीत नाही. दिसावयास ते मूल गुटगुटीत, शांत, फार न रडणारे. आजी त्याचे कौतुक करते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध मिळाले तर ते इतरांसारखे वाढते. महिने गेले तर गेलेली बुद्धी परत येत नाही. गोव्यात २००८ साली सरकारने नवजात बालकांची अशी तपासणी सुरू केली होती. आपल्या घरी बाळंतपण असेल तेव्हा ही तपासणी डॉक्टरांकडे आपणहून मागावी.

नोंदणीच्या अर्जातील त्या रकान्याविषयी आम्ही कार्यकारी मंडळास लेखी सूचना दिली आहे. मुलगा असो वा मुलगी, रकाना दोघांचाही भरून घ्यावा; आणि थायरॉइडची गोळी चालू असल्यास तसे लिहिलेल्या अर्जास आम्ही हरकत घेणार नाही व कोणास घेऊ देणार नाही. रोग पुरुषांसही होतो, हे काही वरपित्यांस नव्याने कळेल. आपल्या ज्ञातीतील डॉक्टर मंडळींनी पुढील संमेलनात रक्ततपासणीची व्यवस्था करावी, अशी विनंती आम्ही येथूनच करतो. पालघर-बोईसरला जाण्याचा वेळ नाही ही सबब मग कोणास उरणार नाही.

आमच्या घरी ती शंभर गोळ्यांची बाटली पूर्वी कपाटात साड्यांच्या मागे असे. तिकडे कोणी ठेवली होती ते आम्ही विचारले नाही, बहुधा आम्हीच. आता ती देवघराशेजारच्या फळीवर असते. सकाळी आलेले पाहुणे विचारतात, आणि आमच्या सौभाग्यवती पाण्याचा पेला खाली ठेवून त्यांना सांगत बसतात. तोपर्यंत अर्धा तास होतो व चहा टाकावयाची वेळ होते.